गाण्याची तबकडी टपालाने कशी पाठवावी

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचा लिलाव तुम्ही पाहिला असेल. माल समोर असतो. व्यापारी येतो. हळकुंड हातात घेतो. मोडून आतला रंग पाहतो. मग बोली बोलतो. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे असतात. मनात काही शंका आली तर तिथेच बोलणे होते.

आता दुसऱ्या तऱ्हेचा लिलावही चालतो. तो मोबाईलवर चालतो. विकणारा आपल्या घरी. घेणारा पुण्याला, मुंबईला, नाही तर परदेशात. वस्तूचा फोटो टाकायचा. मुदत सांगायची. मुदत संपेपर्यंत ज्याची बोली वरचढ, वस्तू त्याची. ई-बे नावाच्या कंपनीचे असे एक भारतीय दुकान होते. ते २०१८ साली बंद झाले. पण तिच्या परदेशातल्या दुकानात आपल्याकडचे लोक अजूनही माल विकतात. शिवाय फेसबुकवर आणि व्हॉट्सअॅपवर हौशी लोकांचे गट आहेत. तिथेही बोली लागते.

अशा लिलावात जुन्या गाण्याच्या तबकड्यांना गिऱ्हाईक असते. कोणी त्यांना रेकॉर्ड म्हणतात, कोणी ध्वनिमुद्रिका. आपल्याकडे जुन्या घरांत माळ्यावर त्या अजून सापडतात. ग्रामोफोन केव्हाच मोडीत गेलेला असतो. कर्णा कुठे गेला ते कोणाला माहीत नसते. तबकड्या मात्र धान्याच्या कणगीमागे, एखाद्या पत्र्याच्या पेटीत पडलेल्या असतात. त्यांवरची कागदी पाकिटे उंदरांनी खाल्लेली असतात. नुसत्या सुट्या, काळ्या थाळ्या. पोरे त्यांच्या चकत्या करून खेळतात. तसे करू देऊ नका.

या तबकड्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. भारतात गाणे तबकडीवर उतरवण्याचे काम १९०२ साली कलकत्त्याला सुरू झाले. गोहर जान नावाच्या मोठ्या गायिकेचे गाणे तेव्हा घेतले गेले. पण तबकडी इथे बनत नव्हती. गाणे इथे घ्यायचे, तबकडी जर्मनीत छापायची आणि आगबोटीने परत आणायची, असा कारभार होता. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला. पुढे बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांची गाणी तबकड्यांवरूनच खेड्यापाड्यांत पोचली. ज्याच्या घरी ग्रामोफोन, त्याच्या ओसरीवर गाव जमायचे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावते. म्हणून मोठमोठ्या गवयांनाही आपले गाणे तेवढ्यात आवरावे लागे.

आज पुष्कळ जुन्या गाण्यांचे मूळ साचे उरलेले नाहीत. कुणाच्या तरी घरी एखादी तबकडी शिल्लक आहे, म्हणून गाणे शिल्लक आहे. अशा तबकड्या जपणाऱ्या लोकांनी १९९० साली मुंबईत एक मंडळ काढले. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स असे त्याचे नाव. असे हौशी लोक एकेका तबकडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहतात. तेव्हा तुमच्या माळ्यावरची थाळी कोणाला तरी हवी असू शकते. मात्र ती त्याच्या हाती धड पोचली पाहिजे.

आमच्या ओळखीच्या एका घरी असे एक पार्सल आले होते. आत तीन तबकड्या होत्या. दोन मोठ्या, बारा इंची. एक लहान, दहा इंची. पाठवणाऱ्याने लहान तबकडी दोन मोठ्यांच्या मधे ठेवली होती आणि वरून जुनी साडी गुंडाळली होती. खोके बाहेरून अगदी धड होते. कुठे चेपले नव्हते, फाटले नव्हते. उघडले तर दोन्ही मोठ्या तबकड्यांचे तुकडे. त्यांतली एक घरच्या आजींसाठी नातवाने बोली लावून घेतली होती. त्या तबकडीवरचे भजन आजींनी लहानपणी माहेरी ऐकले होते. पाठवणारा माणूस सरळ होता. त्याने पैसे परत केले. पण तसली दुसरी तबकडी त्यांना मिळाली नाही. आजींनी ते तुकडे बरेच दिवस कपाटात ठेवले होते.

खोके धड, मग तबकड्या फुटल्या कशा? हे नीट समजून घेतले पाहिजे. बाकीचे सगळे त्यावरून आपोआप कळते.

शहाबादी फरशी तुमच्या पाहण्यातली आहे. ती सपाट जमिनीवर टाकली की तिच्यावरून बैल गेला तरी तिला काही होत नाही. तीच फरशी दोन दगडांवर टेकवा आणि मधे पाय द्या. ताडकन मोडते. फरशी तीच, जोरही कमीच. पण खाली आधार नाही, म्हणून ती वाकते. आणि वाकणे तिला ठाऊक नाही, म्हणून मोडते. तबकडीचे तसेच आहे. मधे लहान तबकडी असल्यामुळे मोठ्या तबकड्यांच्या कडा अधांतरी राहिल्या. वर दुसऱ्यांच्या पार्सलांचे ओझे आले. कडा वाकल्या आणि मोडल्या.

जुनी तबकडी लाखेची असते. पळस, बोर, कुसुम या झाडांवर एक बारीक किडा लाख करतो. बायकांच्या लाखेच्या चुड्यातली तीच ही लाख. तिच्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी बनवत. म्हणून ती जड असते, कठीण असते आणि काचेसारखी ठिसूळ असते. ती मिनिटाला ७८ फेरे फिरते. मधल्या कागदावर पुष्कळदा ७८ हा आकडा लिहिलेला असतो. आपल्याकडे १९७० च्या सुमारास अशा तबकड्या बनणे बंद झाले. त्यांच्यानंतरच्या तबकड्या प्लॅस्टिकच्या आहेत. त्यांच्यावर ३३ किंवा ४५ हा आकडा असतो. त्या वजनाला हलक्या. त्या सहसा फुटत नाहीत, पण उन्हाने वाकड्या होतात. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. तापलेल्या पत्र्याखाली दुपारभर ठेवलेली प्लॅस्टिकची तबकडी संध्याकाळी पापडासारखी लाटा पडलेली निघते. ती मग सरळ होत नाही. अशी तबकडी उन्हाळ्यात पाठवणे टाळलेले बरे. पाठवायचीच असेल तर सकाळी पोस्ट उघडताच द्यावी.

लाखेची की प्लॅस्टिकची हे ओळखण्यासाठी तबकडी वाकवून पाहू नये. आकडा वाचावा. वाचता येऊ लागले त्याचा हा एक फायदा.

आता पाठवण्याची तयारी. तबकडी कडेने आणि मधल्या कागदाला धरावी. रेघांवर बोटे लावू नयेत. मऊ, कोरड्या फडक्याने धूळ पुसावी. रेघा गोल जातात, तसे फडके गोल फिरवावे. लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा हात धुण्याचे सॅनिटायझर कधीही लावू नये. स्पिरिटात लाख विरघळते. चकाकी यावी म्हणून कोणी कोणी खोबरेल तेल लावतात. तेही नको. तेलावर धूळ बसते आणि रेघा बुजतात.

फोटो दोन्ही बाजूंचे घ्यावेत. चरे असतील तर ते फोटोत दिसले पाहिजेत. कडेला टवका उडाला असेल, बारीक तडा असेल, तर तो बोली लागण्याआधीच लिहून सांगावा. घेणाऱ्याला हळकुंड मोडून पाहता येत नाही, हे लक्षात ठेवावे. आणि तडा गेलेल्या तबकडीचे पार्सल कितीही चांगले केले तरी तो तडा वाटेत वाढतोच.

सुटी तबकडी म्हणजे पाकीट नसलेली. तिला आधी पाकीट करावे. स्वच्छ कोरा कागद घ्यावा. वर्तमानपत्राची शाई लागते, म्हणून ते तबकडीला चिकटून नको. कागदाची पिशवी अशी करावी की तबकडी आत बसेल, पण घसरणार नाही. एका पिशवीत एकच तबकडी घालावी. दोन तबकड्या एकमेकींवर घासल्या तर मधला वाळूचा एक कणही रेघा ओरबाडतो.

मग पुठ्ठा. टीव्हीचे, फ्रीजचे खोके बाजारात दुकानदार टाकून देतात. त्याचा पुठ्ठा उत्तम. आत पन्हळी असलेला जाड पुठ्ठा पाहावा. तबकडीपेक्षा चारही बाजूंनी एकेक इंच मोठे असे दोन तुकडे कापावेत. दहा इंची तबकडीला बारा इंचांचा चौकोन. बारा इंची तबकडीला चौदा इंचांचा. आता एक बारीक गोष्ट. पुठ्ठ्यातल्या पन्हळी एका दिशेने जातात. त्या दिशेने पुठ्ठा सहज वाकतो, आडवा वाकत नाही. म्हणून एका तुकड्याच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या अशा ठेवाव्यात. म्हणजे जोडी कोणत्याच बाजूने वाकत नाही. ही युक्ती फुकटची आहे, आणि तरी फार थोडे लोक ती करतात.

तबकडीची पिशवी एका पुठ्ठ्याच्या बरोबर मधोमध ठेवावी. पिशवीचे कोपरे चिकटपट्टीने पुठ्ठ्याला चिकटवावेत. चिकटपट्टी पिशवीला लावावी, तबकडीला कधीच नाही. वरून दुसरा पुठ्ठा ठेवून चारही कडा बंद कराव्यात. आता पुठ्ठ्याची कड आपटली तरी तबकडीची कड एक इंच आत सुरक्षित राहते.

तबकड्या जास्त असतील तर एकेकीच्या मधे पुठ्ठा घालून गठ्ठा करावा. पाचांवर जाऊ नये. दहा इंची लाखेची एक तबकडी सुमारे दोनशे ग्रॅम भरते. पाचांचा एक किलो झाला. त्याहून जड गठ्ठा आपल्याच वजनाने आपटतो. लहान आणि मोठ्या तबकड्या एका गठ्ठ्यात बांधू नयेत. त्या आजींच्या तबकड्यांचे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

गठ्ठा तयार झाला. पुष्कळ जण तो इथेच कापडात शिवून पोस्टात नेतात. काम अजून अर्धेच झालेले असते. टपालाची थैली एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाते. ती उचलतात, टाकतात. एकावर एक रचतात. त्यात टपालवाल्यांचा दोष नाही. शेकडो पार्सले हाताखालून जातात, प्रत्येकाला ते फुलासारखे कसे धरणार? म्हणून धक्का बाहेरच जिरला पाहिजे.

त्यासाठी गठ्ठ्याच्या बाहेर मजबूत खोके हवे. गठ्ठा आणि खोके यांच्यामधे सगळीकडे दोन इंच जागा सोडावी. खाली, वर आणि चारही बाजूंना. हिशेब करून पाहा. बारा इंचांचा पुठ्ठा, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. म्हणजे खोके आतून सोळा इंच रुंद आणि सोळा इंच लांब हवे. ही मोकळी जागा चुरगळलेल्या वर्तमानपत्राने ठासून भरावी. इथे वर्तमानपत्र चालते, कारण ते तबकडीला लागत नाही. फुग्यांचा प्लॅस्टिक कागद मिळाला तर तो गठ्ठ्यावर गुंडाळावा. तोही उघड्या तबकडीला लावू नये, प्लॅस्टिकच्या तबकडीवर त्याचे डाग उठतात. कडबा, भुसा, पेंढा भरू नये. तो दबतो, खाली बसतो आणि जागा परत मोकळी होते. शिवाय त्यात कीड असते. परदेशी पाठवायचे असेल तर गवत मुळीच नको. पुष्कळ देशांत ते सीमेवरच अडवतात.

कासार बांगड्या घेऊन गावोगाव हिंडतो, तो त्या कशा बांधतो ते पाहा. त्याच्या बांगड्या वाजतात त्या गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर. गाठोड्यात त्यांचा आवाज येत नाही. आपले खोकेही असेच मुके पाहिजे. बंद करून कानाशी धरावे आणि हलवावे. आत काही सरकल्याचा आवाज आला, तर पुन्हा उघडून कागद भरावा.

तुमची बांधणी चांगली झाली की नाही, हे पाहण्याची एक घरगुती रीत आहे. पहिल्या खेपेला तबकडीच्या जागी दोन-तीन कच्चे उडदाचे पापड ठेवावेत. बाकी सगळे तसेच करावे. मग खोके कमरेइतक्या उंचीवरून जमिनीवर टाकावे. एकदा सपाट, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. उघडून पाहावे. पापड अखंड निघाले तर तबकडी जायला हरकत नाही. तुटले तर घरात भाजून खावेत आणि बांधणी सुधारावी. यात नुकसान काहीच नाही.

खोक्याला चिकटपट्टी मधल्या फटीवर आणि दोन्ही टोकांच्या फटींवर, अशी वर आणि खाली लावावी. सुतळी नको, ती दुसऱ्या सामानात अडकते. बाहेर ‘फुटणारी वस्तू, वाकवू नये’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे. मात्र त्या अक्षरांच्या भरवशावर राहू नये.

पत्ता स्वच्छ अक्षरांत लिहावा. घेणाऱ्याचा आणि आपलाही. दोघांचे मोबाईल नंबर घालावेत. पत्त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे पावसात शाई पसरत नाही. तोच पत्ता एका चिठ्ठीवर लिहून खोक्यात आतही ठेवावा. पिनकोडचे सहा आकडे दोनदा तपासावेत. ही पिनकोडची रीत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी बसवली. ते आपले कोकणातले. टपाल खात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्राचे पिनकोड ४ ने सुरू होतात. हिंगोली शहराचा ४३१५१३, वसमतचा ४३१५१२. शेवटच्या एका आकड्याने गाव बदलले. आकडा चुकला तर पार्सल भलत्या गावी जाते आणि तिथून परत फिरते. तेवढे धक्के जास्त.

टपालखर्चाचे आधी ठरवावे. आमचे मत असे की, तबकडी लिलावात टाकण्याआधीच रिकाम्या बांधणीचे खोके तयार करून वजन करून आणावे. खिडकीवर दर विचारावा आणि तो लिलावातच लिहावा. पुष्कळांचे भांडण इथूनच सुरू होते. विकणाऱ्याला वाटते, खर्च फार झाला. मग तो पुठ्ठा कमी करतो, खोके लहान घेतो. तबकडी फुटते ती या चार पैशांपायी. देशातले रजिस्टर टपाल २०२५ साली स्पीड पोस्टात मिळवले गेले. तेव्हा जुन्या माणसांनी नुसते ‘रजिस्टर करा’ न म्हणता पार्सलाची आज कोणती सोय आहे, विमा उतरता येतो का, हे विचारून घ्यावे.

फार जुन्या तबकडीबद्दल एक सावधगिरी. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू परदेशी पाठवायला १९७२ च्या कायद्याने मनाई आहे. तबकडीवर साल छापलेले असेलच असे नाही. तेव्हा फार जुनी वाटली तर ती देशातल्याच गिऱ्हाइकाला द्यावी. ते सोपे आणि सुरक्षित.

पैसे हाती आल्यावरच पार्सल पाठवावे. एक माणूस आम्हाला म्हणाला, “गुरुजी, गिऱ्हाईक म्हनतंय, पैसं पाठवतो, तुमचा पिन टाका.” आम्ही म्हटले, बाबा, पिन टाकशील तर तुझेच पैसे जातील. मोबाईलवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. चौकोनी चित्रही आपण टिपावे लागत नाही. ते देणाऱ्याने टिपायचे असते.

पोस्टातून मिळालेली पावती जपून ठेवावी. तिच्यावर पार्सलाचा नंबर असतो. दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ आकडे, शेवटी आय आणि एन. एकूण तेरा. तो घेणाऱ्याला कळवावा. म्हणजे पार्सल कुठवर आले ते त्यालाही पाहता येते. त्याच निरोपात आणखी दोन गोष्टी लिहाव्यात. खोके घेताक्षणी उघडू नका, फोटो काढत सावकाश उघडा. आणि चिकटपट्टी कापताना चाकू खोल घालू नका, गठ्ठा दोन इंच खाली आहे.